जपानमध्ये मॅस्कॉटला नोकरी लागते

आमच्या घरापासून स्टेशनकडे जाताना एक औषधांचं दुकान लागतं, त्याच्या दारात एक केशरी हत्ती उभा असतो. कमरेएवढा उंच, प्लॅस्टिकचा, रस्त्याकडची बाजू उन्हाने फिकी पडलेली. दुकान चालवणाऱ्या आजी सकाळी शटर वर केलं की सगळ्यात आधी ओलं फडकं घेऊन त्या हत्तीचं तोंड पुसतात, मग कान, मग सोंड, आणि त्यानंतर काउंटरकडे वळतात. माझी मुलगी शाळेत जाताना त्याच्या सोंडेला हात लावल्याशिवाय पुढे सरकत नाही. त्याचं नाव सातो-चान. सातो नावाच्या औषध कंपनीचा हा मॅस्कॉट, १९५० च्या दशकापासून जपानभर औषधांच्या दुकानांबाहेर असाच उभा आहे, आणि आजी त्याच्याबद्दल बोलताना "हत्ती" म्हणत नाहीत, नावानेच बोलतात.

भारतातल्या घरून फोन आला की कोणी ना कोणी विचारतंच, अरे एवढा शिस्तीचा देश, मग तिकडे पोलिसांना, रेल्वेला, अगदी तुरुंगाला पण हे बाहुले कशाला लागतात? प्रश्न बरोबर आहे. टोकियो पोलिसांचा पीपो-कुन १९८७ पासून आहे, पीपल आणि पोलीस ह्या दोन शब्दांची सुरुवात जोडून नाव केलेलं, मोठे कान लोकांचं म्हणणं ऐकायला आणि डोक्यावरचा अँटेना समाजात काय चाललंय ते पटकन पकडायला. होक्काइदोमधल्या असाहिकावा तुरुंगाने २०१३ मध्ये काताक्कुरी-चान आणला, चौकोनी तोंडाचा आणि डोक्यावर जांभळं फूल असलेला. ह्या सगळ्याला लोक "जपानी लोकांना क्यूट गोष्टी आवडतात" असं एका वाक्यात गुंडाळून टाकतात, पण तेवढ्याने काही कळत नाही, कारण क्यूट चित्र कोणीही काढेल, त्याच्या मागे जी व्यवस्था आहे ती बघायला पाहिजे.

आधी शब्द. जपानीत मॅस्कॉटला बोलताना "क्यारा" म्हणतात, कॅरॅक्टरचं छोटं रूप. लोगो आणि क्यारा ह्यात फरक असा की लोगोला वय नसतं, आवडनिवड नसते, आणि क्याराला हे सगळं लागतंच. फुजिया ह्या मिठाईच्या कंपनीची पेको-चान घ्या. १९५० मध्ये ती दुकानाच्या दारात कागदाच्या लगद्याची बाहुली म्हणून उभी राहिली, दोन वेण्या, जीभ ओठाच्या कोपऱ्यात बाहेर काढलेली, आणि पुढच्या वर्षी मिल्की नावाची दुधाची गोळी आली ती तिचंच तोंड घेऊन. पेको हे नाव "बेको"वरून आलंय, ईशान्य जपानच्या बोलीत बेको म्हणजे वासरू. ती कायम ६ वर्षांची आहे, तिचा मित्र पोको-चान ७ वर्षांचा. दुकानाबाहेरच्या बाहुलीच्या डोक्याला जरा हात लावला की ते डुलतं आणि सणावारांप्रमाणे तिचे कपडे बदलतात. म्हणजे जाहिरात छापली आणि संपलं असं नाही, दुकानातल्या कोणाला तरी तिचे कपडे काढून नवे घालावे लागतात, त्यामुळे ती बाहुली दुकानातल्या माणसांचीच होऊन जाते. मला ह्या सगळ्या प्रकारातली ही सर्वात महत्त्वाची गोष्ट वाटते, क्याराची कोणीतरी रोज काळजी घेत असतं.

काही वेळा तर मॅस्कॉट कंपनीपेक्षा मोठा होतो. क्युपी मेयॉनीज १९२५ मध्ये बाजारात आलं, बाहुली होती मूळची अमेरिकन, रोज ओनील ह्या चित्रकर्तीची, आणि कंपनीचं नाव तेव्हा वेगळंच होतं. पण दुकानात लोक क्युपीच मागणार ना, शेवटी १९५७ मध्ये कंपनीनेच आपलं नाव बदलून क्युपी केलं. उलट टोकियोच्या रेल्वेचं सुइका कार्ड २००१ मध्ये आलं त्यावरच्या पेंग्विनला अजूनही स्वतःचं नाव नाही, तो फक्त "सुइकाचा पेंग्विन". पण तो पेंग्विनच का ह्याला कारण आहे, जपानीत पाण्यातून अलगद सरकत जाण्याला "सुइ सुइ" म्हणतात, कार्ड टेकवून गेटमधून तसंच सरकत जायचं. काय करायचं हे माणसाला न वाचता कळतं, हे रेल्वेसाठी केवढं मोठं काम आहे ते गर्दीच्या वेळी शिन्जुकू स्टेशनवर उभं राहिलं की समजतं.

आता ह्यातला सगळ्यात जपानी प्रकार, "युरु-क्यारा". युरुइ म्हणजे सैल, ढिलं. मला मराठीत ह्याला सगळ्यात जवळचा शब्द गबाळं वाटतो, गबाळं पण गोड. हा शब्द काढला मिउरा जुन ह्या चित्रकार-लेखकाने. गावोगावच्या जत्रांमध्ये, सरकारी कार्यक्रमांमध्ये त्याला हे ढगळ कापडी प्राणी दिसायचे, धड शिवलेले नाहीत, चालताना डुगडुगतात, आणि त्यांच्याकडे बघताना त्याच्या लक्षात आलं की हे कोणी ठरवून प्रोफेशनल केलेलं नाही म्हणूनच आवडतंय. त्याने युरु-क्यारासाठी तीन अटी सांगितल्या. आपल्या गावाबद्दलचं प्रेम त्यात ठासून भरलेलं पाहिजे, चालणं-हलणं अस्थिर आणि एकमेव पाहिजे, आणि त्याच्याकडे बघून माया वाटली पाहिजे. डिझाइन चांगलं पाहिजे ही अट त्यात नाहीच!

हे नेमकं २००० नंतर का फोफावलं, तर त्याचं कारण अगदी कोरडं प्रशासकीय आहे. १९९९ नंतरच्या दहा-अकरा वर्षांत जपानमध्ये नगरपालिका आणि गावं एकमेकांत विलीन केली गेली, ३,२०० हून जास्त होती ती १,७०० च्या आसपास आली. खेड्यातली पोरं टोकियो-ओसाकाला जाऊन राहिलेली, मागे म्हातारी माणसं, आणि त्यात गावाचं नावच नकाशावरून गेलं. मग चार गावं मिळून झालेल्या नव्या शहराला आपण कोण हे सांगायचं कसं? पुतळा उभारायला पैसे नाहीत, सिनेमानटाला ब्रँड अँबॅसिडर करायचं तर त्याची फी, आणि उद्या त्याचं काही प्रकरण बाहेर आलं की शहराची पण बदनामी. कापडी प्राणी म्हातारा होत नाही, दुसऱ्या शहरात निघून जात नाही, आणि गावातला कांदा, किल्ला, मासा सगळं अंगावर घालून फिरू शकतो.

लाट खऱ्या अर्थाने सुरू केली हिकोन्यानने. शिगा प्रांतातल्या हिकोने किल्ल्याला ४०० वर्षं झाली म्हणून २००७ मध्ये सोहळा होता, त्यासाठी हे पांढरं मांजर आलं, डोक्यावर त्या किल्ल्याच्या "ई" नावाच्या सरदार घराण्याचं लाल शिरस्त्राण. मांजरच का, तर ई नाओताका नावाच्या सरदाराला टोकियोतल्या गोतोकु-जी देवळाच्या दारात एका मांजराने पंजा हलवून आत बोलावलं आणि तो वादळातून वाचला अशी आख्यायिका आहे, दुकानात हात हलवणारं मांजर ठेवतात त्याच्या जन्मकथांपैकी ही एक. हिकोन्यान बोलत नाही, किल्ल्यात ठरलेल्या वेळी बाहेर येतो, हळूहळू वळतो, पोझ देतो आणि आत जातो, तेवढं बघायला लोक लांबून येतात. पुढे मूळ चित्रकार आणि नगरपालिका ह्यांच्यात हक्कांवरून भांडण झालं, मांजराचा स्वभाव काय, शेपूट कशी, वस्तू कोणी विकायच्या, सगळं कोर्टापर्यंत गेलं आणि २०१२ मध्ये मिटलं. हे लक्षात ठेवा, कारण कुमामोन नावाच्या अस्वलाची गोष्ट इथूनच वेगळी होते.

कुमामोतो हा क्यूशू बेटावरचा प्रांत. २०११ च्या मार्चमध्ये क्यूशू शिन्कान्सेनची, म्हणजे बुलेट ट्रेनची, पूर्ण लाइन सुरू होणार होती, म्हणजे ओसाकाहून थेट कागोशिमापर्यंत गाडी. आनंदाची गोष्ट, पण कुमामोतोच्या लोकांच्या पोटात गोळा, की प्रवासी आपल्या स्टेशनवर उतरणारच नाहीत, खिडकीतून बघत शेवटच्या स्टेशनला जातील. म्हणून प्रांताने मोहीम काढली, सल्लागार होते लेखक कोयामा कुंदो, आणि त्यांनी डिझायनर मिझुनो मानाबू ह्यांच्याकडून लोगो मागवला. मिझुनोंनी लोगो दिला आणि सोबत न मागितलेलं एक अस्वल दिलं, भाजीवाली जुडीवर कोथिंबीर टाकते तसं. काळं अंग, लाल गाल, कायम आश्चर्याने उघडे डोळे. कुमा म्हणजे अस्वल, मोन म्हणजे तिकडच्या बोलीत माणूस. क्यूशूच्या जंगलात खरं अस्वल आता उरलेलंच नाही, तरी ह्या अस्वलाला कोणी हरकत घेतली नाही.

त्यानंतर जे केलं ते शिकण्यासारखं आहे. प्रांताने त्याला टेंपररी कर्मचारी म्हणून कामावर घेतलं आणि ओसाकाला पाठवलं, १०,००० व्हिजिटिंग कार्डं वाटायची ड्युटी देऊन. जपानमध्ये कार्ड देणं म्हणजे काय हे इकडे काम केलेल्यांना विचारा, दोन्ही हातांनी धरायचं, वाकायचं, समोरच्याचं कार्ड घेऊन नीट वाचायचं, लगेच खिशात कोंबायचं नाही. म्हणजे एक जाडजूड काळं अस्वल ओसाकाच्या रस्त्यात दोन्ही पंजांनी तुम्हाला कार्ड देतंय आणि तुम्ही सवयीने वाकून ते घेताय, झालं, ओळख झाली! पुढची पायरी, अस्वल हरवलं. कार्डं वाटता वाटता कुमामोन गायब झाला असं जाहीर झालं, गव्हर्नर काबाशिमा इकुओ ह्यांनी पत्रकार परिषद घेऊन ओसाकाकरांना आवाहन केलं की दिसला तर ट्विटरवर कळवा. काबाशिमा राजकारणात येण्याआधी टोकियो विद्यापीठात प्राध्यापक होते, आणि हा माणूस गंभीर चेहऱ्याने अस्वल शोधतोय हे बघून लोक पण त्यात सामील झाले.

२०११ च्या सप्टेंबरमध्ये त्याला प्रमोशन मिळून तो सेल्सचा प्रमुख झाला, त्याच वर्षी देशभरच्या युरु-क्यारा स्पर्धेत पहिला आला. २०१३ मध्ये कुमामोतो शहरात त्याचं ऑफिस उघडलं, आत टेबल-खुर्ची, लोक भेटायला जातात. त्याच वर्षी एकदा त्याचे लाल गाल गळून पडले, शोधमोहीम झाली, आणि त्या निमित्ताने कुमामोतोचे टोमॅटो, स्ट्रॉबेरी, लाल गुरांचं मांस असं जे जे लाल आणि चविष्ट ते सगळं लोकांसमोर आलं. २०१५ मध्ये वजन कमी करायचं टार्गेट जमलं नाही म्हणून काही काळ त्याचं पद खाली आणलं गेलं. चुकतो, ओरडा खातो, परत कामाला लागतो, ऑफिसात जाणाऱ्या कुठल्याही माणसासारखं. परफेक्ट पुतळ्याबद्दल कोणाला एवढं वाटेल का?

आणि आता पैशाचं गणित, ते तर सगळ्यात साधं आहे. प्रांताने अस्वलाचे हक्क विकत घेतले आणि वापर फुकट ठेवला. अर्ज करायचा, परवानगी घ्यायची, रॉयल्टी शून्य. अट एवढीच की त्यातून कुमामोतोचं नाव पुढे गेलं पाहिजे, आणि खायची वस्तू असेल तर तिच्यात कुमामोतोचा माल हवा किंवा ती तिथे बनलेली हवी. ह्याचा अर्थ काय ते बघा. टोकियोतल्या बिस्किट कंपनीला पाकिटावर अस्वल पाहिजे, पैसे द्यायचे नाहीत, पण मग कुमामोतोच्या शेतकऱ्याकडून स्ट्रॉबेरी घेणं आलं. म्हणजे रॉयल्टी सरकारी तिजोरीत जायच्या ऐवजी सरळ शेतात आणि छोट्या कारखान्यात गेली, आणि हजारो कंपन्या स्वतःच्या खर्चाने प्रांताची जाहिरात करायला लागल्या. कुमामोनच्या वस्तूंची विक्री २०१२ मध्ये सुमारे २,९०० कोटी येन होती, २०१५ मध्ये ती १०,००० कोटी येनच्या पुढे गेली. बँक ऑफ जपानच्या कुमामोतो शाखेने २०१३ च्या शेवटी हिशोब मांडला तेव्हा दोन वर्षांतला आर्थिक परिणाम सुमारे १२,४४० कोटी येन निघाला. फुकट वाटून एवढं, असं आपल्याला वाटतं, पण ते फुकट वाटलं म्हणूनच झालं.

ह्या सगळ्याला धरून ठेवणारा एक नियम आहे तो पण सांगतो, "आतलं माणूस" ह्याबद्दल बोलायचं नाही. कापडी पोशाखाला किगुरुमी म्हणतात, आत कोण आहे हे कधी सांगत नाहीत, मुलांसमोर डोकं कधी काढत नाहीत, आणि सोबत एक माणूस कायम हात धरून चालतो कारण आतून स्वतःचे पाय दिसत नाहीत. कुमामोनला कोणी वयाने मोठ्या माणसाने "आत गरम होतंय का" असं विचारलेलं इकडे कोणाला आवडणार नाही. २०१३ मध्ये सम्राट आणि सम्राज्ञी कुमामोतोला आले, कुमामोनने त्यांच्यासमोर नाच केला, तेव्हा सम्राज्ञी मिचिकोंनी तो एकटाच आहे का अशा अर्थाचा प्रश्न विचारला होता आणि त्याची देशभर चर्चा झाली, कारण हा नियम सगळ्यांना पाठ आहे. पण आतलं माणूस असतंच, आणि त्याचे हाल होतात हे विसरून चालणार नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात ओसाकाजवळच्या एका पार्कमध्ये पोशाखातल्या एका तरुण कर्मचाऱ्याचा उष्माघाताने जीव गेला. तेव्हापासून मला उन्हात नाचणारा क्यारा दिसला की आधी सोबतच्या माणसाच्या हातात पाण्याची बाटली आहे का ते बघतो.

सगळेच यशस्वी होतात असं अजिबात नाही. युरु-क्यारा स्पर्धेत २०१५ साली १,७०० हून जास्त उमेदवार होते, म्हणजे देशात नगरपालिका जितक्या, जवळपास तितकेच! ओसाका प्रांताच्या सरकारी खात्यांचे मिळून चाळीसच्या वर झाले होते, लोकांना एकाचंही नाव सांगता येईना, शेवटी मोझुयान नावाच्या पक्ष्याला मुख्य करून बाकीच्यांना मागे घेतलं. २०१८ मध्ये योक्काइची शहराच्या कर्मचाऱ्यांनी खोटे ईमेल आयडी काढून आपल्या कोन्यूदो-कुनला ढीगभर मतं दिली, ती मतं वजा झाली आणि पहिला नंबर शिकी शहराच्या कापारूला गेला. गावाची माया दाखवायला काढलेल्या गोष्टीत असं झालेलं बघून वाईट वाटतं, कारण खोटी मतं टाकली की लोकांचा विश्वास पहिला जातो. स्पर्धा २०२० मध्ये थांबली, शेवटचा विजेता होता त्सुनामीत उद्ध्वस्त झालेल्या रिकुझेनताकाता शहराचा ताकाता-नो-युमे-चान.

आणि कधी कधी उलटंही होतं. नारा शहराच्या जुन्या राजधानीला १,३०० वर्षं झाली त्या सोहळ्यासाठी २००८ मध्ये सेन्तो-कुन आला, बुद्धासारखा बाळ आणि डोक्यावर हरणाची शिंगं, लोक म्हणाले हा विचित्र आहे, देवाचा अपमान आहे, विरोधकांनी स्वतःचा वेगळा मॅस्कॉटच काढला. त्या गदारोळात सेन्तो-कुनचं नाव घरोघरी पोचलं. फुनाबाशी शहराचा फुनाश्शी तर नगरपालिकेने अधिकृत केलाच नाही, पिवळं पेअरचं फळ, बाकीचे मुके असताना हा ओरडतो, उड्या मारतो, आणि कुठलाही सरकारी शिक्का नसताना तो २०१३ मध्ये टीव्हीवर सगळीकडे दिसायला लागला होता. युबारी ह्या खाणीच्या गावाचं दिवाळं निघालं २००७ मध्ये, त्यांनी "युबारी फुसाइ" असं जोडपं काढलं, फुसाइ ह्या शब्दाचा एक अर्थ नवरा-बायको आणि लिहायची पद्धत बदलली की दुसरा अर्थ कर्ज, म्हणणं काय तर पैसा नाही पण प्रेम आहे. कर्ज लपवलं नाही ह्याचं मला फार कौतुक वाटतं.

आपल्याकडे मॅस्कॉट नाहीत असं नाही. एअर इंडियाचा महाराजा मुंबईतच जन्मला, आर. के. लक्ष्मण ह्यांनी १९५४ मध्ये काढलेला एशियन पेंट्सचा गट्टू आमच्या आजोबांच्या घराला रंग दिला तेव्हा डब्यावर होता, डबा नंतर अंगणात तुळशीला पाणी घालायला वापरला. पण आपले राहिले होर्डिंगवर आणि डब्यावर. ते खाली उतरून रस्त्यात कोणाला भेटले नाहीत, त्यांना बॉस नव्हता, त्यांची बदली झाली नाही. कोणाला गावासाठी किंवा छोट्या धंद्यासाठी मॅस्कॉट करायचा असेल तर माझं सांगणं एवढंच, चित्रकाराकडे जायच्या आधी हे ठरवा की तो सोमवारी सकाळी कामावर येऊन नक्की काय करणार आणि त्याचं तोंड रोज कोण पुसणार.

२०१६ च्या एप्रिलमध्ये, १४ तारखेला आणि मग १६ तारखेला, कुमामोतोला दोन मोठे भूकंप झाले. किल्ल्याच्या भिंती कोसळल्या, लोक शाळांच्या हॉलमध्ये आणि स्वतःच्या गाड्यांमध्ये झोपत होते. कुमामोनचं ट्विटर बंद झालं, कार्यक्रम बंद झाले, ऑफिसमधली सगळी माणसं मदतकार्यात गुंतलेली. जवळजवळ तीन आठवडे तो कोणालाच दिसला नाही. आणि लोक विचारायला लागले, तो कुठे आहे, तो बरा आहे ना. देशभरच्या चित्रकारांनी त्याची चित्रं काढून इंटरनेटवर टाकली, काळं अस्वल धीर देतंय अशी.

५ मे हा जपानमध्ये मुलांचा दिवस असतो. त्या दिवशी तो परत आला, नुकसान खूप झालेल्या निशिहारा गावातल्या एका पाळणाघरात. त्याने कसलीही जाहिरात केली नाही, हातात कार्डं नव्हती. मुलांनी त्याला बघितलं आणि धावत जाऊन बिलगली.